अमेरिकेच्या वेशीवर घोंगडं

अमेरिकेत कुणाचं तरी बूड गारठत व्हतं, म्हणून सोनारीच्या अलीकडं आमच्या वाडीत माझा माग चालत व्हता. खोटं सांगत न्हाय. तिकडची माणसं म्हणं सकाळी उठून घोंगड्यावर मांडी घालून बसत्यात, डोळे मिटत्यात आन् अर्धा तास कायबी करत न्हाईत. त्याला ध्यान म्हणत्यात. आमचं म्हातारं, म्हंजे माझा नवरा बब्रुवान, रोज जेवल्यावर लिंबाखाली तेच करतंय, फकस्त वर घोरतंय. त्याला आजपातुर कुणी डॉलर दिला न्हाय.

म्या कोंडाबाई. मेंढक्याची पोर, मेंढक्याची बायको. लगीन झाल्यापासून पस्तीस वर्सं मेंढरामागं चालले. दिवाळी झाली की घोड्यावर भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं लादायची आन् निघायचं, ते मिरगाला परत. माझा मल्हार बार्शीच्या रस्त्याला एका बाभळीखाली झाला. दुसऱ्या दिवशी मुक्काम हलला, तशी म्याबी हलले. बाळंतपण म्हंजे एक दिवसाची रजा.

मंग पाच वर्सांमागं कैवल्य आला. तुळजापूरच्या पुजाऱ्याच्या घरातलं पोरगं, पुण्यात माल परदेशी धाडणाऱ्या कंपनीत कामाला. त्यानं घोंगडी मागितली, आमी पडवीत खड्डे खणून दोन माग घातले. म्या, माझी सून शिवकन्या, शेजारची प्रेमाबाई आन् आणखी तिघी. चौघी चरख्यावर, दोघी मागावर. माग चालवायचा तर एका जागी ऱ्हावं लागतंय, म्हणून त्या दिवाळीला म्हातारं आन् मल्हार मेंढरं घेऊन गेले आन् म्या घरी ऱ्हायले. जन्मात पहिल्यांदा.

पहिलं काय केलं, तर दारात शेवग्याचा फोक लावला. शेवग्याला शेंगा येत्यात फागुणात, आन् फागुणात आमी कवाच घरी नसायचो, भीमेकाठी कुणाच्या तरी रानात असायचो. तिसऱ्या वर्सी म्या लावलेल्या झाडाची शेंग म्या खाल्ली. डोळ्याला पाणी आलं. शिवकन्या म्हणली, "आत्या, तिखट जास्त झालं का?" म्या म्हणलं, व्हय.

आता आमच्या दोन रीती सांगते, म्हंजे पुढचं ध्यानात येईल. पहिली: मेंढरू बाप्याचं, लोकर बाईची. मेंढरू विकताना म्या तोंड उघडायचं न्हाय, आन् कातरलेल्या लोकरीला त्यानं मला इचारल्याबिगर हात लावायचा न्हाय. दुसरी: घोंगड्यावर बसून खोटं बोलायचं न्हाय आन् दिलेला शब्द फिरवायचा न्हाय. म्हणून आमच्यात सोयरीक घोंगड्यावर आन् भांडणबी घोंगड्यावर. बाकी सतरंजीवर बसून काय लागंल ते खोटं बोलायला मोकळीक हाय.

तर यंदा दिवाळीच्या आठ दिस आधी कैवल्य आला. चाळीस घोंगडी तयार व्हती. घडी घालून, दशीला ते त्यांचं चिठ्ठीवाणी लेबल लटकवून, पिशवीत भरून. पोरगं घोंगड्यावर बसलं, पाणी प्यालं, आन् म्हणलं, "मावशी, हा माल थांबवावा लागेल."

"का? खळ कच्ची ऱ्हायली?" खळ म्हंजे चिंचोक्याची. ती पाजल्याबिगर घोंगड्याला कडकपणा येत न्हाय.

"खळ चांगली आहे. तिकडं जकात वाढवलीय. परंड्याच्या बाजारात मेंढरू नेलं की दारात पावती फाडतात ना, तसंच. त्यांनी वेशीवर पावती लावलीय. माल भारतातनं आला की शंभराला पन्नास."

"आन् फाडणार कोण ती?"

"भरतो तिकडचा व्यापारी. पण तो म्हणतो, भाव निम्मा करा, नाहीतर माल नको."

"म्हंजे वेस त्यांची, पावती त्यांची, आन् भरायची कोंडाबाईनं?"

कैवल्यनं तांब्या बाजूला सारला. म्या म्हणलं, "निम्म्या भावात चिंचोकंबी येत न्हाईत. पर आमी वाकडं काय केलं त्यांचं?"

"तुम्ही नाही मावशी. आपला देश रशियाकडून तेल घेतो, त्याचा त्यांना राग आहे. निम्मी जकात त्याचीच आहे."

"अगं बया! माझ्या खळीत तेलाचा एक थेंब न्हाय. सांग की त्यास्नी, येऊन वास घ्या म्हणावं."

"सांगून उपयोग नाही."

"मंग ह्याला म्हणत्यात, रोग हल्याला आन् इंजेक्शन पखालीला!" आसं म्हणून म्या चहा टाकायला आत गेले. दूध उतू जाईस्तवर चुलीपुढं बसून त्या वेशीवाल्याला इथं छापता येणार न्हाईत आसल्या शिव्या दिल्या.

तिथंच चुकलं. चहा घेऊन बाहेर आले तर आमचं म्हातारं आन् कैवल्य हात हातात घेऊन बसलेले. म्हातारं मान हालवत म्हणत व्हतं, "दिली. ह्या कातरणीची सगळी लोकर दिली."

"कुणाला दिली?" म्या इचारलं. कपबशी हातातच.

कैवल्यनं समजावलं. बिचारं लई गोड बोलतंय. कंपनी आता लोकर कच्चीच घेणार. ती दुसऱ्या एका देशात जाणार. देशाचं नाव सांगितलं, पर माझ्या तोंडात बसंना. तिथं मशीनवर विणणार. त्या देशावर अमेरिकेची जकात थोडीच हाय, म्हणून तिथनं माल सुखानं जाणार. लोकरीला भावबी बरा देणार, मागच्या दुप्पट.

म्या कपबशी खाली ठेवली. मंग म्हणलं, "म्हंजे मेंढी तीच, लोकर तीच आन् बूडबी तेच. फकस्त मधली बाई काढून टाकली."

कैवल्य खाली बघाया लागला. "मावशी, मी नोकर आहे," एवढंच म्हणला आन् चहा न पिता गेला.

मंग जे भांडण झालं ते पार सोनारीच्या देवळापातुर ऐकू गेलं आसंल. म्या म्हणलं, "लोकर कुणाची?" म्हातारं म्हणतंय, "शब्द दिलाय. घोंगड्यावर बसून." म्या म्हणलं, "दुसऱ्याच्या चीजवस्तूचा शब्द द्यायला काय जातंय तुमचं? उद्या परंड्याचा किल्ला द्याल!" ते म्हणतंय, "न्हाय तर तुझी घोंगडी घेतंय कोण? लोकर कुजवायची व्हय?" ह्याला मला जवाब देता आला न्हाय, म्हणून म्या आणखी मोठ्यानं वरडले.

पंधरा दिस त्याला भाकरी दिली, तोंड दिलं न्हाय. फराळाचं ताटबी शिवकन्येच्या हातानं धाडलं. करंजी मातर दोन जास्त ठेवल्या, त्याला आवडत्यात म्हणून. पर ते त्याला सांगायचं कारण न्हाय.

राग जकातीचा नव्हता. खरं सांगते, भ्या वाटत व्हतं. लोकर गेली की माग गेला. माग गेला की पडवीत बसून म्या करू काय? मल्हारला यंदा बार्शीत कारखान्यावर काम लागलं, म्हंजे मेंढरामागं म्हातारं एकलंच. माझं गठुडं घोड्यावर चढणार ह्यात शंका न्हाय. गुडघ्यात वाटी ऱ्हायली न्हाय, साठी आली, आन् परत कुणाच्या तरी रानात तीन दगडांची चूल. शेवगा दारात फुलणार आन् शेंगा गावातली पोरं खाणार. शिवकन्येला एवढं म्हणले तर ती म्हणली, "आत्या, मामा लोकरीच्या बाबतीत कवा असं वागलं न्हाईत. मधी कायतरी हाय." म्या म्हणलं, "मधी टक्कल हाय, दुसरं काय!"

पाडवा झाला, भाऊबीज झाली. तिसऱ्या दिवशी कातरणी. सकाळपासून कात्र्यांचा किचकिचाट, मेंढरांचा आरडा, आन् दुपारपातुर काळ्या लोकरीचा ढीग लागला. कैवल्य टेम्पो घेऊन हजर. मागं पोती.

म्या पडवीतलं जुनं घोंगडं आणलं आन् ढिगापुढं हातरलं. प्रेमाबाई आन् बाकीच्या बाया येऊन उभ्या ऱ्हायल्या. कातरणीची माणसं थांबली.

"बसा," म्या म्हातार्‍याला म्हणलं. पंधरा दिवसांतला पहिला शब्द.

ते बसलं.

"लोकर कुणाची?"

म्हातार्‍यानं ढिगाकडं बघितलं, कैवल्यकडं बघितलं. "तुझी," म्हणलं.

"मंग मला न इचारता दिली कशी?"

म्हातारं घोंगड्याची दशी बोटाला गुंडाळत बसलं. मला वाटलं भावाचं सांगंल, डबल पैका सांगंल, जकातीचं पुराण लावंल. म्या सगळ्याचे जवाब घोकून ठेवले व्हते.

"पाच वर्सं झाली," ते म्हणलं, "तू संगं येत न्हाईस. मल्हार व्हता तवर ठीक व्हतं. यंदा एकलाच हाय. भाकरी जळती माझी. सांजच्याला बोलायला मेंढरं. मला वाटलं, माग बंद पडला की येशील."

एवढ्या माणसांत. बायकांच्या पुढं. प्रेमाबाईनं पदर तोंडाला लावला, हसती का रडती कळंना. माझ्या तर अंगावर काटाच आला. मेल्यानं चाळीस वर्सांत एकदाबी असलं काय सांगितलं नव्हतं, आन् सांगितलं ते टेम्पोवाल्याच्या पुढं!

लाजंनं माझं डोकं फिरलं, म्हणून म्या कैवल्यकडं वळले. "दुसऱ्याच्या चीजेचा शब्द, शब्द नसतोय. लोकर मिळायची न्हाय. आन् आता तू बस."

"मी?"

"व्हय, तूच. तुळजापूरचा हायेस, तुला रीत ठावं हाय. ह्या घोंगड्यावर बस आन् सांग. जकात उठंल का? ह्या सहा बायांच्या घोंगड्याला परत गिऱ्हाईक येईल का?"

म्हातारं बाजूला सरकलं, जागा करून दिली. कैवल्य पुढं आला. एक बूट काढला. दुसऱ्याच्या नाडीला हात घातला, आन् तसाच वाकून उभा ऱ्हायला. मंग काढलेला बूट परत पायात घातला.

"मावशी, मी उभाच बरा आहे," म्हणला.

बायांना कळलं. मलाबी कळलं. पोरगं इमानी हाय म्हणून बसलं न्हाय. त्याच्यावर मला राग आला न्हाय, उलट त्या वक्ताला ते माझ्या पोटचं वाटलं.

कैवल्य रिकामा टेम्पो वळवून गेला. जाताना म्हणला, "मी पुण्यात, लातूरला दुकानांत विचारतो. दोन-चार तरी जातील." चाळिसातली दोन-चार. प्रेमाबाई म्हणली, "कोंडा, हरभऱ्याच्या पेरणीला बाया लागत्यात, तवर आमी तिकडं जातो. माग काय पळून जात न्हाय." म्या व्हय म्हणलं. दुसरं काय म्हणणार? लोकर म्या जिंकली व्हती आन् विणायला बाया उरल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातार्‍यानं घोडं लादलं. मेंढरं निघाली. ते पाठमोरं झालं तवा माझी नजर त्याच्या खांद्यावरच्या घोंगड्यावर गेली. मधी भोक. बारकं न्हाय, माझी मूठ जाईल एवढं, आन् त्यातनं सदरा दिसत व्हता. पाच वर्सांत म्या पाचशे घोंगडी विणली. अमेरिकेत कुणाचं बूड उघडं ऱ्हाऊ दिलं न्हाय. आन् माझ्या नवऱ्याच्या पाठीला भोक.

मला एवढी शरम वाटली की काय सांगू.

आत गेले, चाळिसातलं वरचं घोंगडं उपसलं, पिशवी दातानं फाडली आन् त्याच्या अंगावर टाकलं. "धरा. ह्याच्यावर जकात न्हाय."

त्यानं हात फिरवून बघितलं. पहिल्या कातरणीचं, कोकराच्या लोकरीचं, लई मऊ व्हतं. "हे तर परदेशी धाडायचं हाय," म्हणलं.

"आता तुमीच परदेशी. व्हा पुढं."

"आन् तू?"

म्या शेवग्याकडं बघितलं. नुकती कुठं फुलं धरली व्हती. "शेंगा लागू द्या. त्या पोटभर खाते, चार शेंगा गठुड्यात बांधते आन् येते. तवर भाकरी जळली तर जळू द्या, खरपूस खावा."

म्हातारं हसलं. पुढचे दोन दात न्हाईत, तरी हसलं. आन् गेलं. पाठीवर ते अमेरिकेचं लेबल हालत व्हतं. शिवकन्या कात्री घेऊन पळाली, "आत्या, चिठ्ठी काढायची ऱ्हायली!"

म्या म्हणलं, "ऱ्हाऊ दे गं. चाळिसातलं एक तरी गिऱ्हाइकाला पोचलं म्हणून कळंल."

मंग म्या मागाच्या खड्ड्यात उतरले. अजून फागुण लांब हाय. गिऱ्हाईक न्हाय, बाया न्हाईत, पर लोकर घरात हाय, आन् ती माझी हाय.