आत घेतलेली खोली

अँटवर्पमधल्या त्या स्टुडिओत दर सोमवारी सकाळी खोली आत घेतली जायची. सैल झालेलं पोलकं आत घेतात, तशीच. मादाम ओडिल तोंडात टाचण्या धरून भिंतीशी यायच्या, कोपरा चिमटीत पकडायच्या, मागे सरून एक डोळा मिटून बघायच्या आणि वरपासून खालपर्यंत टाचण्या लावत जायच्या. भिंत टाचण्या निमूट घ्यायची. मग भिंतीमागच्या बोळात उभं राहून दोघी इंटर्न मुलींनी दुहेरी मेणदोऱ्याने शिवण घालायची आणि वरून इस्त्री फिरवायची. दहाच्या कॉफीला खोली हातभर लहान झालेली असायची. पहिल्या सोमवारी एक खिडकी गेली. दुसऱ्या सोमवारी हीटर गेला आणि मुलींनी स्वेटर घातले. फॅशनच्या धंद्यात आलेल्या माणसाने कशाचंही नवल करायचं नसतं, एवढं ऋजुता माळवदे पहिल्या आठवड्यातच शिकली.

ऋजुता कराडची. तिच्या वडिलांचं, अण्णांचं, शाळेचे गणवेश शिवायचं दुकान होतं. पोरं वाढणारच, म्हणून अण्णा प्रत्येक शिवणीवर आपली दोन बोटं आडवी ठेवायचे आणि तेवढं कापड आत सोडायचे. शिंपी लोक त्याला माया म्हणतात. पुढच्या जूनला तोच शर्ट उसवून वाढवून द्यायचे, आणि पोराची आई खूश. ऋजुता चालायला लागली ती त्या दुकानातल्या चिंध्यांवर. त्यामुळे शिवण दिसली की तिचीही दोन बोटं आपोआप आडवी व्हायची.

इथे ते चालत नव्हतं. कपडा असो की खोली, आत जादा काही ठेवायचं नाही, हा त्या फॅशन-घराण्याचा नियम. खोली अंगासरशी बसली की शेवटच्या शुक्रवारी सगळ्या शिवणी टाक्याला लागून छाटायच्या. ऋजुताने पहिल्याच दिवशी चुकून मायेबद्दल विचारलं, तेव्हा मादामनी तिच्याकडे जरा दयेनेच पाहिलं.

"आमच्याकडे कुणी वाढत नाही," त्या म्हणाल्या.

त्याच दिवशी त्यांनी दोघी मुलींची मापं घेतली. खांदा, छाती, मनगट ही नेहमीची घेतली आणि श्वास आत घेतल्यावरचं व सोडल्यावरचं अशी दोन वेगळी. त्यातलं सोडल्यावरचंच वहीत लिहिलं. खोली कुणाच्या मापाची होते आहे, हे विचारायचं ऋजुताला सुचलं नाही. तीन महिन्यांनी दोघींपैकी एकीला कायम ठेवणार होते, आणि कराडात सगळ्या आळीने ती एक म्हणजे आपली ऋजुता असं धरूनच ठेवलं होतं. खरं सांगायचं तर तिलाही ती नोकरी फार हवी होती.

दुसरी मुलगी टेक्ले. जॉर्जियाची, उंच, जेवताना पाय मोकळे पसरून बसणारी. ती माया न सोडता काठाला लागून शिवण घालायची, तिच्या शाळेत तसंच शिकवलेलं. ऋजुता मात्र बोळातल्या अर्धवट उजेडात, कुणाचं लक्ष नाही असं बघून, दोन बोटं माया सोडायचीच. वाईट हेतू काही नव्हता. नाही सोडली तर तिला उगाच कुणाची तरी चोरी केल्यासारखं वाटायचं.

अकराव्या सोमवारी टेक्ले कोपऱ्यात उभी राहून पेटीतून बटणं निवडत होती. मादामनी तो कोपरा टाचला. शिवायची पाळी ऋजुताची होती. ती बोळात गेली, शिवण घातली, दोरा दातांनी तोडला, इस्त्री फिरवली आणि खोलीत परत आली. टेक्लेची खुर्ची रिकामी होती. बटणांची पेटी जमिनीवर होती. कोपरा सपाट, सुरेख बसला होता.

"ऋजुता," भिंतीतून टेक्लेचा आवाज आला, "जरा खडू दे."

ऋजुता धावत बोळात गेली. शिवणीच्या मायेत माणसाच्या उंचीचा फुगवटा होता आणि तो हळूहळू श्वास घेत होता.

"टेक्ले, तू ठीक आहेस ना?"

"इथे उभं राहता येतं," टेक्ले म्हणाली. "वळता येत नाही."

टाके तेवढ्यात मोकळे करता आले असते. ऋजुताने कात्री हातात घेतलीही होती. पण मादाम बोळाच्या तोंडाशी येऊन उभ्या होत्या. ऋजुताने त्यांना घडलं ते सगळं सांगितलं, आपण माया सोडली तेसुद्धा. आता आपली नोकरी गेली असं तिला वाटलं. मादाम रागावल्या नाहीत. त्यांनी फुगवट्यावरून तळहात फिरवला आणि सुलट बाजूने कुठे चुणी पडली आहे का, ते पाहून आल्या. पडली नव्हती. सुलट बाजू स्वच्छ असेल तर उलट बाजूला काय आहे हे गिऱ्हाईक बघत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. ऋजुताचा हात चांगला आहे, तेव्हा शुक्रवारी ती माया छाटायचं काम तिनेच करावं. ते झालं की सोमवारपासून ती कायम.

"चालेल ना?" मादामनी विचारलं.

"बरं," ऋजुता म्हणाली.

आपण हे म्हणालो यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसेना. पण म्हणाली ती म्हणालीच, आणि ते भिंतीत ऐकूही गेलं असणार, कारण टेक्लेने त्यानंतर दिवसभर काही मागितलं नाही.

त्या आठवड्यात मादामनी सोमवारची वाट बघणं सोडलं. मंगळवारी छत उतरलं. बुधवारी दार शर्टाच्या काजाएवढं झालं आणि ऋजुता त्यातून कडेकडेने बाहेर आली. तिची पर्स आतच राहिली. गुरुवारी खोली एका माणसाच्या अंगाला बसेल एवढी उरली. कुणाच्या अंगाला ते ऋजुताला आता विचारावं लागलं नाही. खांद्यांचा उतार तिचाच होता. डावा खांदा तिचा किंचित खाली आहे, तोही बरोबर घेतला होता.

दुपारच्या सुट्टीत तिने बोळातूनच अण्णांना फोन लावला. खोली लहान होत चालली आहे आणि शिवणीत एक मुलगी आहे, असं तिने सांगितलं. पलीकडे मशीन चालू होतं ते थांबलं.

"मग उसव की," अण्णा म्हणाले. "आत कापड ठिवलंयस न्हवं?"

"ठेवलंय."

"मग कशाला घाबरतीस? कापड हाय तवर कायबी बिघडत न्हाई. आन् जेवलीस का?"

जेवले म्हणून तिने खोटंच सांगितलं. तिला रडू येत होतं, पण बोळात टेक्लेसमोर रडायची लाज वाटली.

शुक्रवारी सकाळी मादामनी तिच्या हातात मोठी कात्री दिली आणि त्या कॉफी घ्यायला गेल्या. ऋजुताने कात्री जमिनीवर ठेवली आणि खिशातली छोटी काढली. टाके तिचेच होते, बारीक, एकाला एक लागून, दर चौथ्या टाक्याला गाठ. असे टाके घालायला शिकवल्याबद्दल तिने पहिल्यांदाच अण्णांना मनातल्या मनात दूषण दिलं. अर्ध्या तासात वीतभर उसवलं. आतून टेक्लेची बोटं दिसली, थंड आणि इस्त्री केल्यासारखी सपाट. ऋजुताने ती धरून ओढली. टेक्ले हलेना. तिचं तोंड फटीकडे होतं, पण पाठीशी रेटायला काही नव्हतं.

"मागून ढकल," टेक्ले म्हणाली.

मागे जायचं म्हणजे आत जायचं. ऋजुताने आणखी हातभर उसवलं, श्वास सोडला आणि ती शिवणीत शिरली. आत दोन बोटं जागा होती, एक धागा कमी नाही की जास्त नाही. तिने टेक्लेच्या पाठीला पाठ लावली आणि पाय रोवून रेटलं. टेक्ले इंच इंच सरकली आणि एकदम सुटली. ती बोळात पडल्याचा आवाज झाला, मग धापा ऐकू आल्या. ऋजुताच्या जिवात जीव आला. आता निघायचं म्हणून ती वळायला गेली.

वळता येत नव्हतं.

तिने डावा हात मागे नेला. मनगट अडकलं. उसवलेल्या फटीतून फक्त दोन बोटं बाहेर गेली.

बोळात मादामच्या टाचांचा आवाज आला. टाचा फटीपाशी थांबल्या. मग त्यांनी टेक्लेला उभं राहायला सांगितलं आणि तिच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत पडलेली इस्त्रीची घडी बोटाने मोडता येते का ते पाहिलं असावं, कारण घडी तशीच राहील, असं त्या म्हणाल्या. फट शिवून मग छाटायचं आहे. ते झालं की सोमवारपासून टेक्ले कायम.

"चालेल ना?"

ऋजुता कान देऊन ऐकत होती. टेक्लेचं पाय मोकळे पसरून बसणं तिला आठवलं, आणि ती 'नाही' म्हणेल असं तिला अगदी मनापासून वाटलं.

"बरं," टेक्ले म्हणाली.

सुई वरून सुरू झाली. दर टाक्याला उजेड थोडा कमी व्हायचा. टेक्ले भरभर शिवत होती. ऋजुताने तिला हाक मारली आणि शक्य तितक्या शांतपणे सांगितलं, की आत दोन बोटं ठेव, एवढंच कर. सुई थांबली. टेक्लेने आपली दोन बोटं ऋजुताच्या बाहेर राहिलेल्या बोटांशेजारी आडवी ठेवली. ती गरम होती. ऋजुताने ती घट्ट धरायचा प्रयत्न केला.

"हे जादा आहे," मादाम म्हणाल्या.

टेक्लेची बोटं निघून गेली. मग खडू आला, गार आणि कोरडा. त्याने टाक्याला लागून सरळ रेघ ओढायला घेतली, आणि ऋजुताच्या बोटांच्या पेरांवरून न थांबता तो पुढे गेला.