अंगणातले नापास

रावजी गुरुजी माणूस वाईट नव्हते, आणि हेच तर मोठं दुखणं आहे. वाईट माणसाशी निदान भांडता येतं. पण वेळेवर शाळा उघडणारा, कुणाची सुपारीही फुकट न खाणारा भला माणूस डोळ्यांवर कातडं ओढून बसला, की त्याला सांगायचं कुणी?

उमरठच्या वाटेवरच्या त्यांच्या गावात लोकल बोर्डाची शाळा देवळात भरे. पुढे पाटलांच्या भावकीची मुलं बसत, त्यांच्यामागे डोंगरातल्या वाड्यांवरची पोरं. महारवाड्यातली मुलं मात्र बाहेर अंगणात, फणसाखाली. देवळात त्यांना मज्जाव होता. फळा आत, खांबाला टेकवलेला. बाहेरच्या मुलाची पाटी तपासायची झाली तर मुलाने ती पायरीवर ठेवून मागे सरायचं आणि गुरुजींनी वरूनच वाकून बघायचं. गावाला यात काही वावगं वाटत नव्हतं. आमची शाळा सर्वांना खुली आहे, असं सारे छाती पुढे काढून सांगत.

दर साली शाळाखात्याचे डेप्युटीसाहेब परीक्षा घेऊन जात आणि निकाल ठरलेला असे. आतले बहुतेक पास, अंगणातले बहुतेक नापास. गुरुजींनी त्याचा अर्थही लावून टाकला होता. "त्यांच्या रक्तातच नाही हो," ते म्हणत. "पाढे पोपटासारखे घडाघडा म्हणतील. पण हिशेब मांडायला सांगा, पाटी कोरी!"

यंदा परीक्षेला महिना उरला असताना महारवाड्यातला हैबती मुंबईच्या गोदीतून रजेवर घरी आला. त्याची मुलगी चंद्रभागा गेल्या साली दुसरीत नापास झाली होती. तिला घेऊन तो अंगणात उभा राहिला.

"गुरुजी, पोर यंदा पास व्हनार काय? नायतर मी तिला संगती म्हंबयला नेतो. भनीचा पोर तान्हा हाय, त्याला संबालील. उगाच हितं बसून काय करायचा हाय?"

"ने बाबा," गुरुजी म्हणाले. "मी खोटी आशा लावणार नाही. डोकं बेताचंच आहे तिचं."

चंद्रभागा तिथेच उभी होती. तिने पाटी छातीशी धरली आणि मान खाली घातली. पोरीच्या देखत आपण काय बोललो, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

गुरुजींचं बिऱ्हाड देवळाला लागूनच होतं. त्यांच्या पत्नीने, बनुबाईंनी, चुलीपाशी बसल्या बसल्या हे सारं ऐकलं. दुपारी नवऱ्याला भात वाढताना त्या म्हणाल्या, "अहो, मला एकोणतिसाचा पाढा येतो." आणि कुठेही न अडखळता त्यांनी तो म्हणून दाखवला.

गुरुजी हसले. "कुठे शिकलीस?"

"इथेच. तुमचा आवाज भिंतीपलीकडून येतो ना. पावकी, दिडकी, सगळं येतं मला. आता कोळसा देऊन वजाबाकी मांडायला सांगा. नाही यायची. आकडा काढतात कसा, तेच मी कधी पाहिलं नाही. मग माझंही डोकं बेताचंच का?"

"तुझी गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी? मला आधी बापाने चुलीपाशी बसवलं, मग तुम्ही. तिला फणसाखाली बसवलंत. जेवढं ऐकू आलं तेवढं आम्ही दोघींनी घेतलं. जे दिसलंच नाही, ते कुठून आणायचं? एकदा तिच्या जागेवर बसून तर बघा."

गुरुजी संतापून ताटावरून उठले. पण अंगणातून जाताना पाय फणसाखाली थबकले. मुलं भाकरीला घरी गेली होती. ते खाली बसले. देवळाचं दार दिसत होतं, खांब दिसत होता. फळ्याची मात्र नुसती लाकडी कड. रोज सकाळी तो फळा तिथे आपणच ठेवतो, आणि त्यावरचं आलं नाही म्हणून या मुलांना आपणच मठ्ठ ठरवतो! ते उठले आणि देवळात शिरले.

मुलं परतली तेव्हा फळा अंगणात होता. "सगळे बाहेर बसा," गुरुजी म्हणाले. त्यांनी चंद्रभागेची पाटी तिच्या हातातून घेतली, पाटीवर आकडा काढून दाखवला आणि परत तिच्या हातात दिली.

गावात बोंब झाली. महिपती पाटील धावत आले. "गुरुजी, आमची पोरं यांच्या पंगतीला? म्हाडाला तल्याच्या पान्यावरून केवडी मारामारी झाली, ती इसरलाव काय?"

"विसरलो नाही, म्हणूनच मुलांना आत न नेता फळा बाहेर आणला. देऊळ तुमचं असेल, पाटील. शाळा बोर्डाची आहे. फळा सगळ्यांना दिसेल तिथेच ती भरणार."

पाटलांनी आपली मुलं घरी नेली. त्यांच्या मागोमाग पुष्कळांनी नेली. गुरुजी मात्र त्याच संध्याकाळी महारवाड्यात गेले, आणि हैबतीला परीक्षेपर्यंत थांबायची विनवणी केली. तो थांबला. आपली पोरं परीक्षेला बसली नाहीत तर त्यांचं वर्ष बुडेल, हे कळल्यावर पाटलांचा धर्मही जरा सैल झाला. परीक्षेआधी सारी मुलं मुकाट्याने अंगणात येऊन बसली.

डेप्युटीसाहेबांनी हातच्याची वजाबाकी घातली आणि चंद्रभागेला फळ्याशी बोलावलं. तिने खडू उचलला. दशकाचा एक उसना घेऊन तिने हिशेब पुरा केला, आणि उत्तर बरोबर आलं. फणसाखालचे सगळेच पास झाले असं नाही. पण आधी आत बसणाऱ्यांइतकेच झाले. हैबती मुंबईला एकटाच परत गेला.

"यंदा हा चमत्कार कसा?" साहेबांनी विचारलं.

"मुलं तीच आहेत, साहेब," गुरुजी म्हणाले. "मी फक्त फळा हलवला."

वाचकहो, आपल्याही गावात शाळा आहे, आणि तिथेही अमक्या जातीची मुलं ढ म्हणून हिणवली जात असतील. त्यांच्या बुद्धीचं माप काढण्याआधी आपण त्यांना कुठे बसवलं आहे, ते पाहून या. दार लावून घ्यायचं आणि आत आला नाही म्हणून त्यालाच दोष द्यायचा, याला न्याय म्हणत नाहीत. चंद्रभागा पास झाली, हे चांगलंच झालं. पण तिच्याआधी त्याच फणसाखालून नापास होऊन जी मुलं गुरांमागे गेली, त्यांची शाळा त्यांना आता कोण परत देणार?