डावखुरी गाठ

आजारपणानंतर आईच्या डोक्यात नवं काही टिकेनासं झालं. जुनं सगळं शाबूत होतं, लेकीचा हट्टी स्वभाव, तिचा डावा हात, त्या हातावर मारलेल्या चापट्यासुद्धा. पण काल काय झालं म्हणून विचाराल, तर पाटी कोरी.

लेक वेताच्या खुर्च्या विणायची. आईला घरी एकटं ठेवायची सोय नव्हती, म्हणून रोज तिला दुकानात आणायची. आणि आई रोज तेच म्हणायची, मला इथे कशाला आणलंस, मी काय कामाची?

डॉक्टर म्हणाले होते की हातांचं शिकणं वेगळ्या वाटेने होतं, करून बघा. त्यांचं काय जातंय बोलायला! तरी लेकीने चिकाटी सोडली नाही. रोज सकाळी भिजवलेला वेत आईच्या हातात द्यायचा आणि शेजारी बसून पहिल्यापासून दाखवायचं. भोकातून वर काढ, ओढ, वेत सुटू नये म्हणून भोकात खुंटी ठोक. असलं काम आपण जन्मात केलं नाही, असं आई रोज ठासून सांगायची. महिनाभर तिने नुसता वेत मोडला.

सहाव्या महिन्यात एकदा सकाळीच एक गिऱ्हाईक येऊन बसलं आणि काही केल्या उठेना. लेकीला दाखवायला सवडच मिळाली नाही. अर्ध्या तासाने ती आत आली, तर आईने तिरक्या पट्ट्यांची अख्खी ओळ घातलेली. एकही पट्टी वाकडी नाही.

‘‘आई, हे कुणी शिकवलं तुला?’’

‘‘कुणी नाही. मला कुठे येतंय?’’ आईने खुर्ची उलटी केली आणि खालच्या गाठी बोटाने चाचपल्या. ‘‘पण गंमत बघ. मी उजव्या हाताची, आणि गाठ डावखुऱ्याची. शिकवणारं माणूस डावखुरं असणार.’’ मग ती लेकीकडे बघत राहिली. ‘‘तूच का गं?’’

लेकीने मान डोलावली.

‘‘आणि मी मेली त्याच हातावर मारायचे,’’ आई म्हणाली. ‘‘चांगला आहे गं हात तुझा.’’

तासाभरात ती हे विसरणार, हे लेकीला ठाऊक होतं. तरी तिला मनापासून आनंद झाला. डोळे पुसून तिने दुसरी खुर्ची आईपुढे सरकवली. मी काय कामाची, असं आईने आज विचारलं नाही. खुंट्या कुठे ठेवल्यास, एवढंच विचारलं.