धाकट्याची तीनशे तीस दिवसांची रजा

पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या त्या छोट्या कारखान्यात वर्षअखेरचं पगारपत्रक सकाळपासून अडून बसलं होतं. चौदा कामगारांचं सगळं जुळलं. पंधराव्या नावावर कॉम्प्युटर हटून बसला: रजा शिल्लक तीनशे तीस दिवस, वर्ष बंद होणार नाही.

"वहिनी, हे धाकटे साहेब कोण?" नवा अकाउंटंट म्हणाला. केस पिकलेला, निवृत्तीनंतर अर्धवेळ येणारा माणूस. "अकरा वर्षांत एक रजा नाही. मी तर त्यांना कधी पाहिलं नाही."

"तुमच्या मागेच आहेत."

अकाउंटंट दचकून वळला. मागे भिंतीवर फोटो होता.

वहिनींचा नवरा अकरा वर्षांपूर्वी गेला. पण कर वाचतो म्हणून थोरल्या दिरांनी त्याला कामावरून जाऊ दिलं नाही. त्याला दरवर्षी पगारवाढ मिळाली. एकदा तर वक्तशीरपणाचं प्रशस्तिपत्रकही मिळालं, आणि ते काही खोटं नव्हतं. पगार थोरल्यांच्या हातातल्या खात्यात जायचा. हजेरी, मालाची नोंद, पगार ही धाकट्याची सगळी कामं वहिनी करायच्या आणि महिनाअखेर त्याची सहीसुद्धा. त्यांचं स्वतःचं नाव कुठेच नव्हतं. घरच्यांना कसला पगार? महिनाभर वहिनींची दाढ ठणकत होती. दाताच्या डॉक्टरकडे जायचं तर दिरांपुढे हात पसरायचा. मागच्या आठवड्यात पसरला, तर थोरले म्हणाले, "लवंग धर."

थोरले आले, अडचण ऐकली आणि खुर्चीत न बसताच निकाल दिला. "पाठवा त्याला रजेवर. भरपगारी. आजपासून."

"आणि त्यांचं काम?" अकाउंटंटने विचारलं.

"धाकटी आहे ना."

वहिनींनी चौदा जणांचे कागद पुढे सरकवले. "भाऊजी, आधी यांच्यावर सह्या करा. त्यांचे पगार अडायला नकोत."

थोरल्यांनी सह्या केल्या. वहिनींनी पेनाला टोपण लावलं.

"अगं, धाकट्याची सही राहिली."

"ते रजेवर आहेत. आता मला कामावर घ्या. माझ्या नावाने."

"घरच्या बाईला पगार? लोक काय म्हणतील?"

"मेलेल्या माणसाला देताना लोकांना विचारलं होतं का?"

"तो घरचा होता."

"मग मी कुठली?"

अकाउंटंट खोकला. खोकल्यासारखं काहीतरी केलं, असं म्हणू या. थोरल्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू पुठ्ठा त्यानेच ओला केला.

"बरं, लिहा हिचं नाव," ते कुरकुरले. "वर्षाचा शेवट आहे, कटकट नको. रुजू झाल्याची तारीख आजची टाका."

"आजची नाही," वहिनी म्हणाल्या.

"अकरा वर्षांची थकबाकी मागतेस की काय? कोण देणार ती?"

"ज्यांनी पगार उचलला ते."

"डोकं फिरलंय हिचं. अगं, तू रुजू कधी झालीस, ते तरी सांगता येईल का तुला?"

"येईल. यांना पोचवून तुम्ही सगळे परत आलात, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मालाची गाडी आली होती. मी आत भिंतीला टेकून बसले होते. तुम्ही दारातून म्हणालात, 'धाकटी, जरा गाडी मोजून घे.' मी उठले आणि मोजली. चारशे बारा गठ्ठे होते. ती तारीख टाका."

 

अकाउंटंटने वहिनींना तारीख विचारली आणि एकेक आकडा टाकला.

"पुसा ते," थोरले म्हणाले.

अकाउंटंटने हात मांडीवर ठेवले. "तुम्हीच पुसा, साहेब."

थोरले कॉम्प्युटरपुढे वाकले. किती तरी वेळ वाकून राहिले. कुठलं बटण दाबायचं, हे त्यांना माहीत नव्हतं. ते काम आजवर धाकटा करायचा.