बाटलीतला समुद्र

सुखीबाई उन्हाळ्यात समुद्रावर जाऊन आली, आणि श्रावण लागला तरी तिची बोट काही किनाऱ्याला लागेना. विहिरीवर बोट, निंदणात बोट, दारव्ह्याच्या बाजाराला निघालेल्या बैलगाडीतही बोट. बंजाऱ्यांच्या त्या तांड्यातल्या बाया तोंडाचा आ करून ऐकायच्या, आणि नायकाची बायको रूपीबाई हिच्या पोटात तुऱ्हाट्या पेटायच्या.

झालं असं होतं. दारव्ह्याच्या वकिलांची बायको रजनीबाई सुखीकडून कशिद्याच्या पिशव्या घ्यायची. घेता घेता मैत्री झाली. रजनीबाई आणि तिच्या मैतरणी मुंबईहून रत्नागिरीच्या बोटीनं जाणार होत्या. त्यांनी सुखीलाही संगं नेलं.

"मंग बोटीत काय केलं तुमी?" विहिरीवर कोणीतरी विचारायचंच.

"काय करतो? डेकवर सतरंजी आंथरली. रजनीबाईनं चिवड्याचा डबा उघडला. मी आपला घागरा पसरून पडली. वारा असा, जसा कोणी पंखा धरून बसलं हाय. कोणी म्हणे ना, ऊठ, चूल पेटव, ढोरं सोड. डोळा लागला. उठून पाह्यलं त समुद्र तसाच. मंग पुन्हा झोपली."

"मंग?"

"मंग काई नाई. थेच त सांगून राह्यली बाई! दिवसभर काई नाई."

बाया हसायच्या. रूपीबाईनं घागर दाणकन काठावर ठेवली. "समुद्राचं आमाले नको सांगू, सुखे. माह्या आजेसासऱ्यानं बैलाच्या पाठीवर मीठ लादून समुद्रापासून इथवर आणलं. आमच्या घरच्या गोण्या अजून खाऱ्या हायेत."

"आणलं ना बाई. पण थो मीठ आणायले गेलता. लोळायले नोयता गेला."

अशी हसली सगळी विहीर! रूपीबाई भरलेली घागर घेऊन निघाली ती अर्धी सांडतच घरी पोचली.

समुद्राचं तिला एवढं नव्हतं. समुद्र काय, पाणीच. सलत होतं ते वेगळंच. ती आणि सुखी एकाच साली या तांड्यात सुना म्हणून आल्या होत्या. दोघींनी एका ओळीत कापूस वेचला होता, एका भाकरीचे दोन तुकडे करून खाल्ले होते. आणि आता सुखी कोण्या बामणाच्या बायांच्या मधात, घागरा पसरून, दुपारची झोपते! सुखीनं विचारलं नव्हतं असं नाही. चैतातच येऊन म्हणाली होती, "चाल ना संगं." तेव्हा हीच फणकारली होती, "नायकाची बायको कोणाच्या मागं-मागं हिंडत नसते." सुखीनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. दुसऱ्यांदा विचारायला काय झालं होतं मेलीला?

सुखीनं येताना काचेची मोठी बाटली भरून समुद्राचं पाणी आणलं होतं. तांड्यातल्या एकेकीच्या तळहातावर तिनं थेंब-थेंब दिला. सगळ्यांनी चाटून तोंडं वाकडी केली. रूपीबाईनं मात्र हात पदराखालून काढलाच नाही.

मग तीज आली. तांड्यातल्या कुवार पोरींनी टोपल्यांत माती भरून गहू पेरले आणि रीतीप्रमाणे टोपल्या नायकाच्या घरी ठेवल्या. रोज गाणी म्हणत त्या पाणी घालायच्या. शेवटच्या दिवशी गव्हाचे कोंब नाल्यात सोडायचे, आणि त्याआधी नाल्यात पाण्याची पहिली धार नायकणीनं, म्हणजे नायकाच्या बायकोनं सोडायची. रूपीबाईच्या सासूनं सोडली, तिच्या सासूनं सोडली.

रूपीबाईची लेक गंगी एक दिवस टोपल्यांपाशी सुखीची बाटली ठेवत म्हणाली, "याडी, पोरी म्हणतेत औंदा पहिली धार सुखीकाकीच्या हातची. समुद्राच्या पाण्याची."

"आन तू काय म्हणाली?"

"मी काय म्हणू? मले बी पाह्यचं हाय."

पोटची पोर सुद्धा बोटीत जाऊन बसली होती!

दुपारी घरात कोणी नव्हतं. रूपीबाईनं बाटली उचलली, परसात गेली आणि सगळा समुद्र मिरचीच्या झाडाच्या बुडाशी उलटा केला. मग बाटलीत विहिरीचं पाणी भरलं आणि मूठभर मीठ टाकून हलवलं. एक थेंब चाखून पाहावा असं आलं मनात. पण ती स्वतःवरच रागावली. मीठ वाहणाऱ्यांच्या घरची बाई मी, मिठाचा अंदाज मले जिभेनं घ्या लागते?

शेवटच्या दिवशी सगळा तांडा नाल्यावर गोळा झाला. पोरी टोपल्या घेऊन उभ्या. सुखीबाईनं बाटलीचं बूच काढलं आणि सवयीनं आधी चार थेंब आपल्याच तळहातावर घेऊन चाटले.

ती थांबली. पुन्हा चाटलं.

"काय झालं वो काकी?" गंगीनं विचारलं.

 सुखीनं सरळ रूपीबाईकडं पाहिलं. रूपीबाईच्या पायाखालची वाळू सरकली. आता ही एक शब्द बोलली की संपलं. नायकण चोर निघाली म्हणून उद्या पार दारव्ह्यापर्यंत बोभाटा होईल.

सुखी चालत तिच्याजवळ आली आणि बाटली तिच्या हातात दिली. "पहिली धार नायकणीचीच असते," ती मोठ्यानं म्हणाली. "बोटीत बसल्यानं कोणी नायकण होते का?" मग कानाशी वाकून, "समुद्र निसता खारा नसते, रूपे. कडू बी असते. तुह्या परसातली मिरची काहून वाळली, थे आता समजलं."

रूपीबाईनं धार सोडली. पोरींनी गाणं उचललं, कोंब वाहू लागले. मान मिळाला, अगदी सासूला मिळायचा तसाच. पण तो सुखीनं दिलेला होता, आणि घशाखाली उतरत नव्हता. चोरी झाकली तीही सुखीनंच. झाकण्यातसुद्धा हीच पुढं!

बाया पांगल्या. दोघीच मागं राहिल्या. रूपीबाई रिकामी बाटली नाल्यात खळखळा धूत बसली, जशी काही तिच्यावर राग होता.

"थे बोट," ती न बघताच म्हणाली, "दर उन्हाळ्यात सुटते का?"

"सुटते ना."

"सांगून ठेव तुह्या वकिलीणबाईले. मी येईन. पण मी खिडकीपाशी बसीन."

"अवो, डेकवर खिडकी नसते. कठडा असते."

"मले शिकवू नको," रूपीबाई म्हणाली. "आमच्या घरानं समुद्र तुह्या आधी पाह्यला हाय."