निळा कोट आणि चार पायांचा प्रेक्षक

मित्रांनो, कोट शेवटी निळाच ठरला. एकमताने. पण हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही, तुम्ही वाचलेलं नाही, आणि तो शुक्रवार अजून उजाडायचाच आहे, असं धरून पुढे जाऊ.

मी एक जुना बाक आहे. एका चित्रपटगृहाच्या दाराबाहेर, तीन पायऱ्यांच्या शेजारी, भिंतीला पाठ लावून मी उभा असतो. बाकाने उभं राहायचं आणि माणसांनी बसायचं, अशी आमच्यात कामाची वाटणी आहे.

माझा जन्म सिनेमासाठी झालेला नाही. एका सुताराने मला दातांच्या डॉक्टरसाठी बनवलं. तेव्हा मला दोन हात होते. त्यातला डावा हात एका पैलवानाने आपला नंबर पुकारल्यावर घाबरून उपटला, आणि उजवा त्याच्या बायकोने त्याला धीर देता देता. मग डॉक्टरांनी खुर्च्या आणल्या आणि मी इथे आलो. फरक एवढाच पडला की तिथे लोक आत जाताना रडत, इथे बाहेर येताना.

मित्रांनो, मी आजवर एकही सिनेमा पाहिलेला नाही. माझ्या वाट्याला फक्त मतं येतात. एकदा एका सिनेमाचा नायक माझ्या उजव्या टोकाला मेला आणि डाव्या टोकाला जगला. मधे बसलेला माणूस म्हणाला, "मी झोपलो होतो." इतकं निःपक्षपाती मत मी पुन्हा ऐकलं नाही. कौतुकही एकदा झालं. एक गृहस्थ घाम पुसत बाहेर आले, बसले आणि म्हणाले, "बाक मात्र छान आहे." ते त्यांचं सिनेमाबद्दलचं मत होतं.

पुढे माझा मागचा एक पाय झिजला. त्याखाली कुणीतरी एका पडलेल्या सिनेमाच्या पोस्टरची घडी सारली. आत तो चार दिवस टिकला. माझ्या पायाखाली नऊ वर्षं टिकून आहे.

आता माझ्या माणसांबद्दल सांगतो. इथे शुक्रवारी दुपारी एका आठवड्याला जुना सिनेमा लागतो, एका आठवड्याला नवा. दोन्ही न चुकता पाहणारे तिघे. ऑपरेटर आजोबांनी याच चित्रपटगृहात तीस वर्षं पडद्यावर सिनेमे सोडले. मावशी समोरच्या गल्लीत कपडे शिवतात. आणि पाना हा नळ दुरुस्त करणारा. त्याच्या मागच्या खिशात कायम पाना असतो आणि माझ्या अंगावर त्याच्या बसण्याचा इतिहास कोरलेला आहे.

खेळ सुटला की तिघे माझ्यावर बसतात. त्यांचा एक नियम आहे, तो आजोबांनीच घातला: आधी पाहिलेली एक गोष्ट सांगायची, मगच मत द्यायचं. "डोळे न उघडता तोंड उघडणारे फार झालेत," असं ते म्हणायचे. माझ्यावर बसून म्हणायचे. मी काही लावून घेतलं नाही.

पण गेल्या दीडेक वर्षात आजोबांचं बोलणं बदललं. पूर्वी ते सांगायचे, "उजेड डावीकडून होता, म्हणून तिचा अर्धा चेहरा अंधारात." आता ते सांगू लागले, "दार उघडायच्या आधी त्याने श्वास धरला होता." बाकीच्यांना वाटलं, वयाबरोबर खोली आली. मी मात्र ओळखलं. अहो, मी आयुष्यभर असाच सिनेमा ऐकत आलोय. जावे त्याच्या वंशा! आजोबांना पडदा दिसत नव्हता. जुने सिनेमे ते आठवणीतून सांगत होते आणि नवे अंदाजाने.

लपवायला कारण होतं. एका शुक्रवारी ते शेवटची पायरी चुकले आणि थेट पान्याच्या मांडीवर येऊन बसले. त्यांची लेक, जी दवाखान्यात रक्त तपासते आणि काम सुटल्यावर त्यांना न्यायला येते, तिने ते पाहिलं.

"बाबा, पुन्हा असं झालं तर शुक्रवार बंद. सिनेमा घरी टीव्हीवर बघायचा."

"आणि मत कुणाला सांगायचं?" पाना म्हणाला. "फ्रीजला?"

"फ्रीज निदान उलट बोलत नाही," लेक म्हणाली. आजोबा हसले नाहीत. त्यांचा हात माझ्या फळीवर होता. बोटं फळीची कड चाचपत होती.

पुढच्या शुक्रवारी जुना सिनेमा होता. आजोबा म्हणाले, "त्या काळ्या-पांढऱ्यात तिच्या गालावरची सावली काय सुंदर पडलीय!"

"आजोबा, तो आता रंगवून आणलाय," पाना म्हणाला. "हिरोचे गाल टोमॅटोसारखे होते. सगळे हसले की!"

आजोबांनी मान वर केली. मग म्हणाले, "रंग फासल्याने सिनेमा रंगीत होत नाही."

दोघांनी माना डोलावल्या. मोठ्या माणसांची हीच सोय असते. चूक केली तरी सुविचार होतो.

त्याच्या पुढचा आठवडा नव्या सिनेमाचा. आईशी भांडून घर सोडणाऱ्या मुलीची गोष्ट. माझ्या अंदाजाने बरी होती, कारण बाहेर आल्यावर कुणी घड्याळ पाहिलं नाही. आजोबांनी सुरुवात केली, "ती पायऱ्या उतरते तेव्हाचा तो निळा कोट..."

पान्याचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मित्रांनो, दिग्दर्शकाने तो नवा कोरा सिनेमा हौसेने काळा-पांढरा काढला होता.

मावशींनी पान्याच्या पायावर पाय दिला. "निळाच होता."

"अहो मावशी, पण सिनेमाच..."

"चाळीस वर्षं कापड हाताळतेय मी. काळ्या-पांढऱ्यात निळं कसं दिसतं ते तू मला शिकवणार? तू नळ बघ."

"सिनेमा काळा-पांढरा आहे, मी बाहेरचं पोस्टर बघूनच आलेय," पायऱ्यांजवळून आवाज आला. लेक उभी होती. "बाबा, किती दिवस झाले?"

"कशाला?"

"बाबा."

आजोबांनी चष्मा काढून पुसला. सवयीने. "पावणेदोन वर्षं. आधी कडा गेल्या, मग मधलं. आता पडदा उजळला की कळतं, विझला की कळतं. घर पाठ आहे, म्हणून तुला समजलं नाही."

"मग इथे येता कशाला?"

"मत द्यायला."

"न बघता कसलं मत, बाबा?"

"कोट निळा का, ते विचार," आजोबा म्हणाले. कुणी विचारेना, तेव्हा स्वतःच सांगू लागले. "उतरताना कोटाचा आवाज आला. जाड, लोकरीचा. आई नुकतीच गेलेली, म्हणजे सगळे काळ्याची अपेक्षा करणार. पण जिचा आवाज इतका हट्टी आहे ती काळा घालायची नाही. लाल घालायची हिंमत तिला शेवटपर्यंत आलेली नव्हती, फोनवर ती 'सॉरी' म्हणताना अडखळली. मग उरतो निळा."



"दोन तास डोळे फाडून बसलो होतो," पाना हळूच म्हणाला. "ती फोनवर अडखळली हे मला दिसलंच नाही."

लेक माझ्यावर बसली. दिवसभर उभं राहून दमलेल्या माणसाचं वजन वेगळं असतं, ते मला कळतं.

"आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं," ती म्हणाली. "आणि पुढच्या शुक्रवारपासून मी दुपारची सुट्टी मागून घेते. आत शेजारी बसून पाहिलेलं मी सांगेन, मत तुम्ही द्या. पायऱ्यांवर माझा हात धरायचा. यावर मत द्यायचं नाही."

"एक विचारू?" आजोबा म्हणाले.

"नाही."

"बरं."

मग पान्याने कोटाच्या रंगावर रीतसर मतदान घेतलं. चार हात वर झाले, लेकीचा सर्वांत शेवटी. मीही केला असता, पण माझ्या हातांचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे.

आता ते चौघे येतात. लेक फार बारीक सांगते. कुणाला ताप असेल तर तेही सांगते, सिनेमात त्याचा उल्लेख नसला तरी. मित्रांनो, तुमच्या शेजारी कुणाला दिसत नसेल तर त्याला हळू आवाजात सांगा. आणि मग त्याचं मत ऐका. बाकांवर पाने घासू नका.

शेवटी एक अर्ज जोडतो.

प्रति, मा. व्यवस्थापक. विषय: अर्जदारास एक खेळ आतून दाखविणेबाबत. महोदय, अर्जदार आपल्या दाराबाहेर दीर्घकाळ सेवेत असून त्याने अद्याप एकही चित्रपट पाहिलेला नाही. तरी कोणत्याही शुक्रवारी अर्जदारास उचलून आत ऑपरेटर आजोबांच्या शेजारी ठेवण्यात यावे. अर्जदारास पाय चार असले तरी तिकीट एकच धरावे. पायाखालील पोस्टर सोबत आणण्याची मुभा असावी, त्यासही पडदा पाहून बरीच वर्षे झाली आहेत. अर्जदारास डोळे नाहीत, सबब डोळ्यांची अट शिथिल करण्यात यावी. चित्रपट काळा-पांढरा असल्यास हरकत नाही. रंग आजोबा सांगतील.