मायाक्काचं नाक

मायाक्काचं नाक दिसायला चारचौघींसारखंच होतं. पण आत काय बसवलं होतं ते देवालाच ठाऊक. मोहोळच्या बाजूला तिच्या बापाची मेंढरं होती. कळपातली कुठली मेंढी आजारी पडणार, हे ती लहानपणी नुसत्या वासावरून सांगायची. शिळं कालवण कुणी ताजं म्हणून वाढलं तर ताट सारून उठायची. आई कपाळाला हात लावून म्हणायची, "हिला नवरा घावंल, पर नवऱ्याच्या घरात हिचं नाक मावायचं न्हाय."

आईचं बोलणं खरं ठरलं. एकोणीसशे अठ्ठावीसच्या उन्हाळ्यात लग्न होऊन मायाक्का सोलापुरात आली, भवानी पेठेत. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत नवऱ्याचा, ज्ञानूचा, घोंगडी विणायचा माग, आतल्या खोलीत चूल, आणि दोन्हींच्या मधल्या उंबऱ्यापाशी खळीचं मडकं. लोकरीच्या ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या दोऱ्यांना, चिंचोक्याची खळ लावावीच लागते, नाहीतर दोरे मागावर टिकत नाहीत. त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण तिच्या सासूच्या, केराबाईच्या घरची रीत अशी, की मडकं कधी रिकामं म्हणून करायचं नाही. तळाची जुनी खळ ठेवायची आणि तिच्यावर नवी ओतायची, दह्याला विरजण राखतात तशी. जुन्या खळीनं दोऱ्याला जोर येतो, असं केराबाईला तिच्या सासूनं सांगितलं होतं. त्या मडक्याच्या तळाशी किती सालांचं काय साचलं होतं, ते एका सिद्धेश्वरालाच माहीत.

पहिल्याच आठवड्यात मायाक्का तीनदा परसात जाऊन ओकली. पुढं पुढं तर मडक्यावरचं झाकण हललं तरी ती परसात पळायची. तोंडाला पदर लावून पाहिला तर पदरातही तोच वास. असे दोन महिने गेले. एके दिवशी शेजारच्या सारजाबाईनं तिला ओकताना पाहिलं आणि टाळी वाजवली.

"केराबाई, साखर काढा. सुनंला वास सोसंना झालाय."

"तसं काय न्हाय," मायाक्का म्हणाली.

"समद्या असंच म्हणत्यात पैल्यांदा," सारजाबाई हसली, आणि दिवस मावळायच्या आत सगळ्या गल्लीला कळलं, की ज्ञानूच्या बायकोला दिवस गेलेत.

आता कठोर म्हणून नावाजलेली केराबाई लोण्यासारखी मऊ झाली. सुनेला कैऱ्या काय आणल्या, उसळ काय केली! आणि मुख्य म्हणजे, "तू खळीपाशी जाऊ नगं पोरी," असं म्हणून मडकं स्वतःच्या अंगावर घेतलं. मायाक्का खोटं बोलली नाही, पण खरंही पुन्हा सांगितलं नाही. मोकळ्या हवेत बसून लोकर पिंजायची आणि कैऱ्या खायच्या, असं सुख कुणाला नकोसं होईल? पण रात्री अंथरुणावर पडलं की ते सुख तिला टोचायचं. सासूनं सारजाबाईकडून टोपड्यासाठी कापड मागून आणलं, त्या दिवशी तिला राहवलं नाही. कावळा आज ना उद्या शिवणारच होता. त्याच्याआधी आपल्या तोंडानं सांगावं, एवढी तरी लाज राखावी, असं तिनं ठरवलं.

"आत्या, मला दिवस न्हाईत."

केराबाईच्या हातातलं कापड तसंच राहिलं. "मग ओकत का व्हतीस?"

"वासानं. खळीच्या."

"खळीच्या?" केराबाईचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "समद्या पेठंत साखर वाटली म्या! अन् तू खळीच्या वासानं ओकत व्हतीस? ह्ये घर घोंगड्यावर चालतं, ठावं हाय न्हवं? सोमवारी नवा ताणा हाय. खळ तू लावायची. न्हाय जमलं तर तुज्या बाला सांगावा धाडते, लेक घिऊन जा म्हणून."

मग कमरेची डबी काढून तिनं सुनेपुढं धरली. तपकिरीची डबी होती ती. केराबाई दिवसातून वीस वेळा तरी चिमूट ओढायची.

"ही ओढ. दोन-चार महिन्यांत नाक मरतंय. माजं मेलं की."

"ओढ की," ज्ञानूही मागावरून म्हणाला. माणूस वाईट नव्हता, पण घरात वादळ उठलं की खाली मान घालून मागावर धोटा फेकायचा, एवढीच त्याची मर्दुमकी.

मायाक्कानं डबीकडं पाहिलं. सोपं होतं. चार चिमटी ओढायच्या आणि सुटायचं. पण मग माहेरी गेल्यावर बापाच्या अंगाचा वास येणार नाही, तव्यावरची भाकरी कधी करपते ते कळणार नाही. स्वतःचं एक अंग मारून नांदायचं, हे काही तिला पटेना.

"नाक मारायचं न्हाय मला," ती म्हणाली. "ताणा मी लावीन."

"नाकासकट?"

"नाकासकट."

हातात चार दिवस होते. तिनं लिंबाचा पाला चुरगाळून नाकाशी धरला, तो घटकाभर पुरला. ओवा चावून पाहिला, त्यानं जरा धीर आला. मग तिसऱ्या दिवशी चुलीवर चिंचोके शिजत असताना तिच्या ध्यानात आलं, की या ताज्या खळीनं आपल्याला काहीच होत नाही. भाजक्या दाण्यासारखा बरा वास येतोय. मग ओकारी येते ती कशानं? उत्तर उंबऱ्यापाशीच बसलं होतं.

सोमवारी उजाडताच, गिरणीचा भोंगा वाजायच्या सुमाराला, मायाक्कानं मडकं कमरेवर घेतलं, श्वास कोंडला, उकिरड्यावर गेली आणि मडकं पालथं केलं. मग राखेनं आतून तीनदा घासलं. घासता घासता दोनदा ओकली, चूळ भरली आणि पुन्हा घासायला बसली.

केराबाईनं ते पाहिलं आणि छाती बडवली. "चार पिढ्यांची खळ! घर बुडवलं गं या भवानीनं!"

गल्ली गोळा झाली. मायाक्कानं घासलेलं मडकं सगळ्यांसमोर उपडं ठेवलं.

"आत्या, आज नव्या खळीवर ताणा लावते. मागावर दोरं तुटलं तर मी माज्या पायानं मोहोळला जाते. बाला बोलवायचं बी काम न्हाय."

गल्लीत ताणा पसरला. तिनं कुंच्यानं ताजी खळ लावली. ओल्या लोकरीचा वास होताच, त्यानं डोळ्यांतून पाणी आलं. ते तिनं मनगटानं पुसलं. दोनदा कोपऱ्यावर जाऊन मोकळा श्वास घेऊन आली. दुपारपर्यंत ताणा वाळला.

पुढचे तीन दिवस ज्ञानू विणत होता आणि केराबाई मागाशेजारी बसून दोरे तुटायची वाट बघत होती. पहिल्या दिवशी दोन तुटले. ती मोठ्यांदा मोजत होती. दुसऱ्या दिवशी एक. नेहमीसुद्धा एवढे तुटतातच, हे ज्ञानू पहिल्यांदाच आईच्या विरुद्ध तोंड उघडून बोलला. तिसऱ्या दिवशी घोंगडं मागावरून उतरलं. केराबाईनं ते दोन्ही हातांनी ताणून पाहिलं, उन्हात धरून पाहिलं, आणि घडी घालून ठेवलं.

घोंगडं उतरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ज्ञानू बाजाराला गेल्यावर केराबाई आतून एक जुनं घोंगडं घेऊन आली आणि सुनेसमोर बसली. बराच वेळ घोंगड्याच्या दशा ओढत राहिली.

"माजं बी नाक असंच व्हतं," ती एकाएकी म्हणाली. "पैल्या साली म्या बी ओकले. पर मला कुणी ईचारलं न्हाय. सासूनं डबी दिली, म्या घेतली." मग घोंगडं पुढं सरकवलं. "ह्ये ज्ञानूच्या बाचं. जाऊन सा वर्सं झाली. अजून धुतलं न्हाय म्या. रोज हुंगते. मला कायबी वास येत न्हाय. बघ बरं, काय ऱ्हायलंय का."

मायाक्कानं घोंगडं तोंडाशी नेलं. आधी आली ती जुनी आंबूस खळ. तरी तिनं तोंड बाजूला केलं नाही. डोळे मिटून ती एकेक पट्टा हुंगत गेली.

"चिलमीचा धूर हाय," ती म्हणाली. "खांद्याकडं घाम." मग एका टोकापाशी थांबली. "अन् हितं ओवा."

केराबाई पुढं सरकली. "त्यांचं पोट दुखायचं. त्या टोकाला ओव्याची पुरचुंडी बांधायचे. ज्ञानूला बी ठावं न्हाय ह्ये." तिनं ते टोक ओढून घेतलं, नाकाशी दाबलं, जोरानं श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग टोक सुनेच्या हातात परत दिलं.

सवयीनं तिचा हात कमरेच्या डबीकडं गेला होता. तो तिनं मागं घेतला.

"परत हुंग," ती म्हणाली. "अन् सावकाश सांग."